वऱ्हाडातील इंग्रजीचे अध्यापन आणि विशेषणांचा तरतमभाव

१

अमरावती आणि अकोला येथील शाळांत इंग्रजीचे अध्यापन सुरू होऊन दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात राज्ये बदलली, विद्यापीठे बदलली, क्रमिक पुस्तके बदलली, अध्यापनाच्या पद्धतीही अनेकवार बदलल्या. परंतु विद्यार्थ्यांच्या लेखनातील काही चुका मात्र पिढ्यान्‌पिढ्या जशाच्या तशा राहिल्या. विशेषणांच्या तुलनात्मक रूपांतील चुका या वर्गातल्या होत. 'मोअर बेटर', 'मोअर टॉलर' अशी दुहेरी रूपे. 'टॉल दॅन' यासारखी प्रत्ययहीन रूपे. आणि 'सिनिअर दॅन' यासारखे प्रयोग, हे या चुकांचे तीन ठळक प्रकार. शिक्षकांनी त्यांचे खापर सामान्यतः विद्यार्थ्यांच्या निष्काळजीपणावर फोडले आणि नियम पुन्हा घोकून घेण्याचा उपाय योजला.

एखादी चूक इतकी चिवट असेल, तर तिच्या मुळाशी केवळ आळस असणे संभवत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, या चुकांना मराठी भाषेच्या घडणीचा आणि वऱ्हाडच्या भाषिक इतिहासाचा आधार आहे. संस्कृत, फारसी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांतून तरतमभावाची तयार रूपे मराठीत आली, आणि तिन्ही वेळा मराठीने ती साधी विशेषणे म्हणून पचविली. 'मोअर बेटर' ही या क्रमातील शेवटची पायरी होय. हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु इंग्रजीच्या परीक्षेवर ज्यांचे पुढील शिक्षण आणि नोकरी अवलंबून राहिली, अशा वऱ्हाडातील शेतकरी-कष्टकरी कुटुंबांतील मुलांच्या दृष्टीने तो कधीच क्षुल्लक नव्हता.

२

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केला. त्यापूर्वीची काही शतके हा प्रदेश क्रमाने बहामनी, इमादशाही, मोगल आणि निजाम यांच्या अमलाखाली होता. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. साहजिकच दप्तराच्या भाषेवर फारसीचा पगडा खोलवर बसलेला होता. इंग्रजी अमलात १८६६ साली वऱ्हाडच्या शिक्षणखात्याची रचना झाली आणि त्या सुमारास अकोला व अमरावती येथे सरकारी हायस्कुले उभी राहिली. आल्फ्रेड लायल यांनी संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रांतातील इंग्रजी शिक्षणाची ही दोनच मुख्य केंद्रे होती.

या हायस्कुलांतून मॅट्रिकच्या परीक्षेस बसणारे विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येत. त्यामुळे मुंबई इलाख्यात जी व्याकरणे व जी भाषांतरमाला चाले, तीच वऱ्हाडातही चाले. १९०२ च्या करारानंतर १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताकडे सोपविण्यात आला. पुढे १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले. तेच आजचे विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाणारे महाविद्यालय. १९८३ साली अमरावती येथे स्वतंत्र विद्यापीठ झाले. मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविण्याचा निर्णय महाराष्ट्रात २००० साली अमलात आला.

पहिल्या पिढीतील काही विद्यार्थ्यांनी व शिक्षणाधिकाऱ्यांनी इंग्रजीवर असाधारण प्रभुत्व मिळविले, हे सर्वश्रुत आहे. दादासाहेब खापर्डे यांची शिर्डी येथील दैनंदिनी इंग्रजीत आहे. वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात दीर्घकाळ काम केलेले विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी शेक्सपिअरचे 'सिंबेलाइन' हे नाटक 'तारा' या नावाने मराठीत आणले. १९०७ च्या पुणे येथील साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. परंतु अशा थोड्या व्यक्तींवरून सामान्य विद्यार्थ्याच्या अडचणीची कल्पना येत नाही. महाजनी-खापर्डे यांची इंग्रजी ग्रंथवाचनाने घडली होती. सामान्य विद्यार्थ्याची इंग्रजी मात्र व्याकरणाच्या कोष्टकाने घडली, आणि त्या कोष्टकाचा विचार येथे कर्तव्य आहे.

३

इंग्रजी व्याकरण विशेषणाच्या तीन अवस्था मानते : साधी, तरभावाची आणि तमभावाची. एकावयवी विशेषणांना अनुक्रमे 'अर' व 'एस्ट' हे प्रत्यय लागतात : टॉल, टॉलर, टॉलेस्ट. शब्दाच्या शेवटी मुळातच 'ई' हे अक्षर असेल तर केवळ 'आर' व 'एस्‌टी' ही अक्षरे जोडावयाची. ऱ्हस्व स्वरानंतर एकच व्यंजन असेल तर ते लेखनात दुप्पट करावयाचे. म्हणून 'बिग' या शब्दाच्या तरभावात 'जी' हे अक्षर दोनदा येते. व्यंजनानंतर 'वाय' असल्यास त्याच्या जागी 'आय' येतो, जसे हॅपी-हॅपिअर. तीन व अधिक अवयवांच्या विशेषणांपूर्वी 'मोअर' व 'मोस्ट' हे स्वतंत्र शब्द योजावे लागतात : ब्यूटिफुल, मोअर ब्यूटिफुल, मोस्ट ब्यूटिफुल. दोन अवयवांच्या शब्दांत मात्र एकच एक नियम नाही. 'वाय' या अक्षराने संपणारे शब्द बहुधा प्रत्यय घेतात; 'फुल', 'लेस', 'इंग' यांनी संपणारे 'मोअर' घेतात; आणि 'सिंपल', 'नॅरो', 'क्लेव्हर' यांसारख्या कित्येकांची दोन्ही रूपे शिष्टसंमत आहेत. गुड-बेटर-बेस्ट, बॅड-वर्स-वर्स्ट यांसारखी काही रूपे सर्वस्वी निराळ्या धातूंवरून येतात.

नियमांच्या या मांडणीत विद्यार्थ्याला दोन गोष्टी क्वचितच सांगितल्या जात. पहिली ही की, प्रत्यय आणि 'मोअर' हे दोन्ही एकाच कार्यासाठी असलेले दोन पर्याय आहेत. एकाची योजना झाली की दुसऱ्याची आवश्यकता उरत नाही. दुसरी ही की, इंग्रजीत तुलना दाखविण्याचा भार विशेषणाच्या रूपावर असतो. 'दॅन' हा शब्द केवळ तुलनेचा विषय पुढे आणतो, तो स्वतः तरभाव निर्माण करीत नाही. या दोन गोष्टी न सांगण्याचे कारण असे की, ज्यांनी ही व्याकरणे रचिली त्यांच्या मातृभाषेतच त्या गृहीत होत्या. लिंडली मरे यांचे व्याकरण १७९५ साली इंग्लंडमध्ये इंग्रजी मुलींच्या शाळेसाठी रचिले गेले. पुढे हिंदुस्थानात राहून नेस्‌फील्ड यांनी, आणि १९३० नंतरच्या दशकात रेन व मार्टिन यांनी जी व्याकरणे सिद्ध केली, त्यांतही हीच मांडणी कायम राहिली. मराठी भाषकाची अडचण कोठे आहे, हे त्यांवरून कळत नाही.

४

मराठीत विशेषणाला तरभावाचा स्वतःचा प्रत्यय नाही. 'अमरावती अकोल्यापेक्षा मोठी आहे' या वाक्यातील 'मोठी' हे रूप 'अमरावती मोठी आहे' या वाक्यातील रूपाहून यत्किंचितही भिन्न नाही. तुलनेचा सर्व भार 'अकोल्यापेक्षा' या पदावर, म्हणजे ज्याच्याशी तुलना करावयाची त्या नामावर आहे. जुन्या मराठीत हेच कार्य 'हून' व 'परीस' यांनी होत असे आणि आजही 'हून' प्रचारात आहे. तमभावासाठी 'सर्वांत मोठा' अशी योजना होते, किंवा 'मोठ्यात मोठा', 'चांगल्यात चांगला' अशी द्विरुक्ती होते. बोलीत विशेषणाची मात्रा वाढविण्यासाठी 'लय', 'फार', 'जास्त' यांसारखी अव्यये येतात. परंतु यांपैकी कोणत्याही स्थळी विशेषण स्वतः बदलत नाही.

ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली म्हणजे परस्परविरुद्ध दिसणाऱ्या दोन चुकांचे मूळ एकच असल्याचे दिसून येते. विद्यार्थी 'पेक्षा'च्या जागी 'दॅन' ठेवतो आणि विशेषण तसेच राहू देतो. यातून 'टॉल दॅन' हा प्रयोग निष्पन्न होतो. त्याच्या भाषेप्रमाणे वाक्य पूर्ण झालेले असते. शिक्षकाने ही चूक दाखविल्यावर तो 'अधिक' हा शब्द आठवून 'मोअर' जोडतो; आणि कोष्टकातील 'टॉलर' हे रूपही पाठ असल्याने ते त्याच्या शेजारी ठेवतो. एका ठिकाणी तरभाव एकदाही व्यक्त होत नाही, दुसऱ्या ठिकाणी तो दोनदा होतो. परंतु दोन्हीकडे विशेषणाच्या अंगच्या रूपात तुलना वसते ही जाणीवच नसते.

तिसरा एक सूक्ष्म दोष याच वर्गातला आहे. 'नागपूर विदर्भातील कोणत्याही शहरापेक्षा मोठे आहे' असे मराठीत सहज म्हटले जाते आणि 'इतर' हा शब्द न घातला तरी अर्थाचा घोटाळा होत नाही. इंग्रजीत मात्र 'एनी' या शब्दापुढे 'अदर' नसेल, तर नागपूर हे नागपूरहूनही मोठे असल्याचा तर्कदुष्ट अर्थ निघतो, असे व्याकरणकार मानतात. परीक्षांतून दीर्घकाळ रूढ असलेल्या 'अवस्था बदला' या प्रश्नात, म्हणजे एकच विधान तमभावात, तरभावात व साध्या अवस्थेत फिरवून लिहिण्याच्या प्रश्नात, याच 'अदर'साठी कित्येक गुण गेले. हे वाक्य का फिरते, हे समजल्यावाचूनही 'नो अदर' व 'व्हेरी फ्यू' यांचे साचे पाठ करून गुण मिळविता येत. त्यामुळे या प्रश्नाने नियमाचे पाठांतर वाढविले. जाण वाढविली असे म्हणता येत नाही.

५

येथे असा आक्षेप संभवतो की, मराठी विद्यार्थ्यास तरतमभावाचे प्रत्यय अगदीच अपरिचित नाहीत. संस्कृतातून आलेली 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ', 'श्रेष्ठ', 'उच्चतम', 'लघुत्तम' ही रूपे त्याच्या नित्य परिचयाची आहेत. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचा विचार केला असता मूळ सिद्धान्तास बळकटीच येते.

पाणिनीने पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात या प्रत्ययांचे विधान केले आहे. अतिशय दाखवावयाचा असता 'तम' व 'इष्ठ' हे प्रत्यय होतात. दोहोंतून एकास वेगळे काढावयाचे असता 'तर' व 'ईयस्' होतात. पैकी 'ईयस्' व 'इष्ठ' हे स्वरादी प्रत्यय केवळ गुणवाचक शब्दांनाच लागतात, अशी मर्यादाही त्याने घातली आहे. त्यापुढे काही शब्दांच्या जागी निराळीच अंगे येतात हे तो सांगतो. 'प्रशस्य' या शब्दाच्या जागी 'श्र' येऊन श्रेयस्, श्रेष्ठ ही रूपे होतात. 'वृद्ध' शब्दाच्या जागी 'ज्य' येऊन ज्यायस्, ज्येष्ठ. 'युवन्' व 'अल्प' यांच्या जागी विकल्पाने 'कन्' येऊन कनीयस्, कनिष्ठ.

इंग्रजीशी असलेले याचे साम्य आकस्मिक नाही. इंग्रजी 'एस्ट' आणि संस्कृत 'इष्ठ' हे एकाच मूळ इंडो-युरोपीय प्रत्ययाचे वंशज होत. तसेच इंग्रजी 'अर' या प्रत्ययाचे नाते 'ईयस्'शी आहे. 'स्वादु' शब्दाचे 'स्वादिष्ठ' आणि इंग्रजी 'स्वीट' शब्दाचे 'स्वीटेस्ट' ही अंगाने व प्रत्ययाने सगोत्र रूपे आहेत. दोन्ही भाषांत छोटी, जुनी, गुणवाचक विशेषणे एक प्रत्ययमाला घेतात आणि इतरांसाठी दुसरी व्यवस्था आहे. दोन्ही भाषांत 'चांगला' या अर्थाचा शब्द अंगच बदलतो.

परंतु ही रूपे मराठीत आली तेव्हा काय झाले? 'स्वादिष्ठ' म्हणजे सर्वांत गोड, हा अर्थ लोपून तो केवळ 'चवदार' या अर्थाचा शब्द राहिला. त्याचे 'स्वादिष्ट' असे लेखनही रूढ झाले. आणि 'आजची भाजी कालच्यापेक्षा अधिक स्वादिष्ट आहे' असे म्हणताना तमभावावर तरभाव चढविला जात आहे, याची जाणीव कोणासही होत नाही. 'वरिष्ठ अधिकारी', 'कनिष्ठ लिपिक' यांत तमभाव उरलेला नाही. म्हणूनच 'सर्वांत ज्येष्ठ', 'श्रेष्ठतम' असे प्रयोग होतात. या प्रवृत्तीचा दोष मराठीस देण्याचे कारण नाही. यजुर्वेदसंहितेच्या अगदी आरंभीच 'श्रेष्ठतम' हे दुहेरी रूप आढळते. एकदा एखादे रूप स्वतंत्र शब्द म्हणून रूढ झाले की त्यातील प्रत्यय मृत होतो आणि भाषा त्यावर नवा प्रत्यय चढविते, हा सार्वत्रिक नियम आहे.

६

वऱ्हाडात फारसीच्या बाबतीतही हेच घडले. फारसीत तरभावासाठी 'तर' व तमभावासाठी 'तरीन' हे प्रत्यय आहेत. त्यांतील 'तर' हा संस्कृत 'तर' प्रत्ययाचा सहोदर. उर्दूतील बेहतर, बेहतरीन, बदतर ही त्याची उदाहरणे अकोला, बाळापूर, अचलपूर या भागांतील उर्दू भाषकांच्या नित्य बोलण्यात आहेत. दप्तराच्या द्वारे मराठीत 'कमतर' हा शब्द आला. 'कम' म्हणजे थोडा, 'कमतर' म्हणजे अधिक थोडा. मराठीने त्यास संस्कृत 'ता' प्रत्यय लावून 'कमतरता' हे भाववाचक नाम सिद्ध केले. पाण्याची कमतरता, बियाण्याची कमतरता असे बोलताना त्यात एक फारसी तरभाव दडलेला आहे, हे कोणाच्या लक्षात येते? 'कमतर' येथे 'उणा' एवढाच अर्थ देतो.

याहून बोलका शब्द 'बेस' हा होय. फारसी 'बेश' म्हणजे 'अधिक'. त्याच शब्दापासून मराठी 'बेश' किंवा 'बेस' आल्याचे सामान्यतः मानले जाते. मराठीत त्याचा अर्थ केवळ 'चांगला, ठीक' असा झाला. 'बेस झाले' या उद्गारात तुलनेचा लवलेशही नाही. म्हणजे मुळातच तुलना दाखविणारा एक शब्द मराठीने साध्या अवस्थेत आणून ठेविला. येथे प्रसंगाने हेही नमूद करणे इष्ट की, मराठी 'बेस' व इंग्रजी 'बेस्ट', तसेच उर्दू 'बेहतर' व इंग्रजी 'बेटर' यांचे ध्वनिसाम्य फसवे आहे. 'बेहतर' हा शब्द 'बेह' म्हणजे चांगला यास 'तर' लागून झाला. इंग्रजी 'बेटर'मधील 'ट' हा मूळ अंगाचा भाग आहे, प्रत्ययाचा नव्हे.

७

इंग्रजी विशेषणे वऱ्हाडात केवळ शाळेच्या मार्गाने आली नाहीत. कापसाच्या मार्गानेही आली. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापसाची गरज भासली. लोहमार्ग वऱ्हाडातून जाऊन १८६७ साली नागपुरास पोहोचला. अमरावतीच्या नावावरून वऱ्हाडी कापसास लिव्हरपूल व मुंबईच्या बाजारांत 'ऊमरा' हे व्यापारी नाव मिळाले. कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला.

या व्यापारात कापसाची प्रत ठरविण्यासाठी फेअर, गुड फेअर, गुड, फुली गुड, फाइन, सुपरफाइन अशी चढती श्रेणी वापरली जाई. भाषादृष्ट्या ही श्रेणी लक्षणीय आहे. प्रतींची ही उतरंड तुलनेवाचून संभवतच नाही. तरीही तिच्यात 'अर' नाही, 'एस्ट' नाही, 'मोअर' नाही. 'गुड फेअर' हा माल 'फेअर'हून सरस आणि 'गुड'हून उणा. परंतु हे नाते रूपावरून कळत नाही, क्रमावरून कळते. 'फुली' किंवा 'सुपर' असा शब्द पूर्वी जोडून पायरी वाढविण्याची ही पद्धत मराठीच्या 'लय', 'फार' या पद्धतीशी जुळणारी आहे. बाजाराशी संबंध असलेल्या माणसाच्या कानी इंग्रजी विशेषणांची जी पहिली श्रेणी पडली, ती अशी प्रत्ययहीन होती. 'सुपरफाइन' हा शब्द पुढे कापड आणि तांदूळ यांच्या संदर्भात मराठीत कायमचा वसला.

बाजार व कचेरी यांतून आलेल्या अन्य शब्दांचीही हीच गत झाली. इंग्रजी 'फर्स्ट' हा मुळात तमभावाचा शब्द आहे. मराठीत 'फर्स्टक्लास' म्हणजे 'उत्तम' एवढेच. 'बेस्ट' हा इंग्रजीतील निखळ तमभाव. परंतु 'एकदम बेस्ट', 'लय बेस्ट' असे मराठी बोलण्यात सर्रास येते. 'सिनिअर', 'ज्युनिअर', 'सुपीरिअर', 'इन्फीरिअर' हे लॅटिनमधील तरभाव. इंग्रजीत त्यांच्यापुढे 'दॅन' न येता 'टू' येतो, कारण लॅटिन तरभाव इंग्रजीच्या रचनेत पूर्णतः मिसळला नाही. मराठीत मात्र 'सिनिअर' म्हणजे 'जुना, वरचा' असा साधा शब्द झाला. 'तो माझ्यापेक्षा सिनिअर आहे' हे निर्दोष मराठी वाक्य आहे. आणि त्याचे शब्दशः इंग्रजी केले की 'सिनिअर दॅन' हा प्रयोग सिद्ध होतो.

ज्या भाषेने 'श्रेष्ठ', 'स्वादिष्ट', 'कमतर', 'बेस' हे शब्द साधी विशेषणे म्हणून स्वीकारले, तिने 'बेटर' हाही शब्द तसाच स्वीकारावा यात नवल नाही. 'आता तब्येत बेटर आहे' या बोलण्यात 'बेटर' म्हणजे 'बरी'. आणि ज्याच्या मनात 'बेटर' म्हणजे 'बरा', तो 'अधिक बरा' या अर्थी 'मोअर बेटर' लिहिणार हे क्रमप्राप्तच आहे.

८

स्वतः इंग्रजीचा इतिहास या बाबतीत काय सांगतो, हेही पाहिले पाहिजे. प्राचीन इंग्रजीत तरतमभाव केवळ प्रत्ययांनी व्यक्त होई. 'मोअर' व 'मोस्ट' यांची योजना तेराव्या शतकापासून दिसू लागते आणि पुढील दोन-तीन शतकांत ती वाढते. या संक्रमणात दोन्ही साधने एकत्र योजण्याचा प्रघात होता. शेक्सपिअरच्या नाटकांत दुहेरी तरभाव व तमभाव अनेकवार आढळतात. 'ज्युलिअस सीझर'मधील असा एक प्रयोग सुप्रसिद्ध आहे. बेन जॉन्सन याने आपल्या इंग्रजी व्याकरणात अशा रूपांचे वर्णन भाषेचे एक वैभव म्हणून केले. 'निअर' हा आजचा साधा शब्द मुळात 'नाय' या शब्दाचा तरभाव होता; ते विस्मृतीत गेल्यावर त्यावर पुन्हा प्रत्यय चढून 'निअरर' झाला. मूळ तमभाव 'नेक्स्ट' या रूपाने वेगळ्याच अर्थी उरला. 'लेसर' हे रूपही तरभावावर तरभाव चढूनच झाले आहे, आणि ते शिष्टसंमत आहे.

दुहेरी रूपांवरील बंदी अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी दृढ केली. रॉबर्ट लौथ यांचे व्याकरण १७६२ सालचे; मरे यांनी १७९५ साली त्याचाच मुख्यतः अनुवाद चालविला. म्हणजे अकोला व अमरावती येथील हायस्कुलांत १८६६ च्या सुमारास जो नियम सनातन म्हणून शिकविला जाऊ लागला, त्याला इंग्लंडातही जेमतेम एक शतकाचे वय होते. ज्या महाजनींच्या पिढीने शेक्सपिअर मराठीत आणला, तिला हे दुहेरी प्रयोग मूळ ग्रंथांत नित्य भेटत होते. आणि त्याच पिढीच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत ते अशुद्ध ठरत होते. यात विसंगती नाही. मान्य भाषेचा नियम काळाने ठरतो, आणि आज दुहेरी रूप प्रमाण इंग्रजीत अशुद्धच होय. परंतु ते बुद्धिमांद्याचे लक्षण नव्हे, एवढे या इतिहासावरून निश्चित होते.

९

मराठी व्याकरणाच्या रचनेचाही या प्रश्नाशी संबंध पोहोचतो. दादोबा पांडुरंग यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी पुष्कळ अंशी इंग्रजी व्याकरणांच्या, विशेषतः मरे यांच्या, धर्तीवर झाली असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. त्यानंतर कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी 'शालापत्रका'तील निबंधांतून आणि मोरो केशव दामले यांनी १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'तून मराठीच्या स्वतःच्या प्रकृतीचा शोध घेतला. तथापि शालेय इंग्रजी अध्यापनात 'चांगला, अधिक चांगला, सर्वांत चांगला' हे त्रिस्तरीय कोष्टक इंग्रजी कोष्टकाचे प्रतिबिंब म्हणून स्थिर झाले. भाषांतरमालांनी त्याचा प्रसार केला.

हे कोष्टक वरवर सोयीचे; परंतु त्याने एक भ्रम उत्पन्न केला. मराठीत 'अधिक' हा शब्द तरभावाचे आवश्यक चिन्ह आहे, असा समज त्यामुळे होतो. वास्तविक 'पेक्षा' असता 'अधिक' ऐच्छिक आहे. विद्यार्थ्याला 'बेटर = अधिक चांगला' असे शिकविले, परंतु प्रत्यक्ष वाक्यात 'अधिक' येवो वा न येवो, इंग्रजीत 'बेटर' हेच रूप यावयाचे, हे शिकविले नाही. परिणामी 'अधिक' दिसला की 'मोअर' आणि न दिसला तर साधे विशेषण, असा त्याचा अलिखित नियम बनला. चूक कोष्टक न शिकल्याने झाली नाही. कोष्टक जसे शिकविले तसेच शिकल्याने झाली.

१०

उपरोक्त विवेचनावरून अध्यापनाच्या दृष्टीने काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, 'बेटर = अधिक चांगला' या शब्दसमीकरणाऐवजी '-पेक्षा चांगला = बेटर दॅन' असे पदसमूहांचे समीकरण शिकविणे युक्त होय. त्यायोगे मराठीत नामावर असलेला भार इंग्रजीत विशेषणावर जातो, हे विद्यार्थ्याच्या एकदम लक्षात येईल. दुसरा असा की, प्रत्यय व 'मोअर' यांच्यातील निवड ही 'एक किंवा दुसरे' अशा स्वरूपात आरंभीच मांडावी. तिसरा असा की, ज्या इयत्तांत संस्कृत हा विषय आहे तेथे 'स्वादिष्ठ', 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ' या परिचित शब्दांपासून प्रारंभ करावा. आणि उर्दू माध्यमाच्या शाळांत 'बेहतर', 'बदतर' यांपासून करावा. प्रत्ययाने होणारी तुलना ही विद्यार्थ्याच्या भाषिक वारशातच आहे. तिचा विसर पडला आहे, इतकेच.

चौथा निष्कर्ष परीक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. 'टॉल दॅन' लिहिणारा आणि 'मोअर टॉलर' लिहिणारा हे दोघे एका पातळीवर नाहीत. पहिल्याने मराठीची रचना तशीच ठेविली आहे. दुसऱ्याला इंग्रजी विशेषण बदलते हे उमगले आहे, केवळ त्याची मर्यादा उमगलेली नाही. दुसरा पहिल्याच्या पुढे आहे. दोघांचेही उत्तर लाल शाईने सारखेच खोडले, तर त्या पुढच्या पावलाची नोंद कोठेच राहत नाही. वऱ्हाडातील इंग्रजी अध्यापनाच्या पुढील अभ्यासात चुकांची केवळ गणना न होता त्यांच्या या क्रमाचा विचार झाला, तर विद्यार्थ्याच्या मातृभाषेला अडथळा समजण्याची दीर्घकाळची सवय सुटण्यास साहाय्य होईल.